मळभाच्या दिवशी किडे-पाखरांचे फोटो: शिवारात क्रमानं काय करायचं

मृग लागला की दर रविवारी संध्याकाळी ओळखीतल्या पोरांनी काढलेले फोटो माझ्या मोबाइलवर येऊन पडतात. सोबत एकच वाक्य असतं : "उजेडच नव्हता, काय करणार?" फोटो उघडले की तीनच तऱ्हा दिसतात. पांढऱ्याफटक आभाळावर कोळशाच्या खड्यासारखं पाखरू. शेपटी स्पष्ट आणि डोळे धुरकट असा चतुर. आणि फ्लॅश मारून पाठीवर पांढरा डाग पडलेला भुंगा, ज्याच्या मागं भर सकाळी अकराला मध्यरात्र झालेली असते.

मळभात उजेड कमी असतो हे खरं, पण तो चारी बाजूंनी सारखा येतो. बगळ्याची पिसं जळत नाहीत (म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी होत नाहीत), चकचकीत किड्याच्या पाठीवर सूर्याचा ठिपका बसत नाही, आणि उन्हाळ्यात नऊनंतर गुंडाळावं लागणारं काम दुपारी दोनपर्यंत चालतं. हा फायदा हातातून जातो तो कामाचा क्रम उलटा झाल्यामुळं. शिवारात पोचल्यावर सेटिंग शोधायची, मग तारेवरचं पाखरू टिपायचं आणि परत निघताना किडे बघायचे, असं बहुतेक जण करतात. खालचा क्रम नेमका त्याच्या उलट आहे.

१. आदल्या संध्याकाळी : कुठं जायचं ते आभाळ बघून ठरवा

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात एकाच दिवशी तीन तऱ्हेचं आभाळ असतं. गगनबावड्याला धो धो आणि दाट धुकं, करवीर-पन्हाळ्यात रिपरिप, आणि शिरोळ-हातकणंगल्याकडं नुसतं ढगाळ. फोटोसाठी तिसरं सगळ्यात चांगलं, दुसरं चालतं. पहिल्यात नवख्यानं कॅमेरा पिशवीतून काढूच नये. पश्चिमेला झड लागलीय म्हणून घरात बसू नका, पूर्वेला गाडी वळवा. तास-दीड तासाच्या अंतरात पाऊसमान पार बदलतं.

सुरुवात करणाऱ्यांनी मोठा तलाव टाळावा. कळंब्याला गेलात तर पाणकावळे दिसतील, पण पार मधोमध, आणि कमी उजेडात लांबचं पाखरू म्हणजे नुसता ठिपका. त्यापेक्षा ऊस, भात आणि एखादी विहीर किंवा ओढा एकत्र असलेली एखाद-दोन एकर जागा धरा आणि तिथंच चार तास काढा. रंकाळा तलावाची पाखरं मात्र फिरायला येणाऱ्यांना सरावलेली असतात, त्यामुळं हात बसवायला तो काठ बरा.

> सावधान : जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठी जाण्याआधी पाणीपातळी बघा. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पण त्याच्या कितीतरी आधी बंधारे पाण्याखाली जातात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आपल्याकडं पाऊस नसतानाही भोगावती फुगते. बंधाऱ्यावर उभं राहून खंड्याची वाट बघत बसायचे हे दिवस नव्हेत.

राधानगरी-दाजीपूरकडं जायचं मनात असेल तर वन विभागाकडं आधी चौकशी करा. अभयारण्यात परवानगी लागते आणि पावसाळ्यात प्रवेश बंद ठेवतात.

सोबत काय घ्यायचं? पाखरांसाठी निदान ३०० मि.मी.पर्यंत जाणारी झूम लेन्स. किड्यांसाठी ९० किंवा १०० मि.मी.ची मॅक्रो (अगदी जवळचं मोठं टिपणारी लेन्स), ती नसेल तर आहे त्या लेन्सच्या मागं एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे पोकळ नळी. बाहेरचा फ्लॅश आणि त्याचा डिफ्युझर, म्हणजे उजेड मऊ करणारा पडदा. दोन बॅटऱ्या. मोनोपॉड (एकपायी स्टँड) चालेल, भाताच्या बांधावर ट्रायपॉडचे पाय कुठं रोवणार? दोन सुती फडकी, एक जाड पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी, रबरबँड, गुडघ्याखाली घालायला खताच्या रिकाम्या पोत्याचा तुकडा. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट पाहिजेच, उसाच्या पाल्याची कुसं एकदा लागली की दिवसभर खाजवत बसाल. पायात गमबूट.

रेनकोटबद्दल एक सांगतो. प्लॅस्टिकचा रेनकोट हात हलला की चुरचुरतो आणि वीस फुटांवरची मुनिया उडते. माझ्या ओळखीचा एक पोरगा घोंगडं पांघरून बसतो. आम्ही हसलो होतो त्याला. पण घोंगडं आवाज करत नाही, भुरभुर पाऊस अंगात जाऊ देत नाही, आणि त्यात माणसाचा आकारही नीट दिसत नाही. आता हसत नाही.

२. घरातून निघायच्या आधी : सेटिंग लावून ठेवा

इथं घाई करू नका. पुढच्या निम्म्या चुका इथंच टळतात.

क्रम असा : आधी शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं), मग अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं; एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती हळवा) सगळ्यात शेवटी. बरेच जण आयएसओ ४०० वर खिळवून ठेवतात, "दाणे येतात", म्हणजे फोटो खरखरीत होतो म्हणून. मग शटर आपोआप १/६० वर घसरतो आणि फोटो हलतो. दाणे नंतर कमी करता येतात, हललेलं पाखरू कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये जागेवर बसत नाही.

हिशोब एकदा करून बघा म्हणजे आयएसओची भीती जाईल. स्वच्छ उन्हात आयएसओ १००, एफ/१६ आणि १/१०० ला फोटो बरोबर येतो. गच्च मळभात उजेड साधारण आठपट कमी होतो, म्हणजे त्याच आयएसओ आणि शटरला एफ/५.६ लागतो. बहुतेकांच्या लेन्स ३०० मि.मी.ला एफ/५.६ च्या पुढं उघडतच नाहीत. आता पाखरासाठी १/८०० हवा असेल तर आणखी आठपट उजेड कमी पडला. तो कुठून आणणार? आयएसओ ८०० करूनच. झाडाखाली शिरलात किंवा काळी सर चढून आली तर अजून चौपट, म्हणजे ३२००. मळभात ३२०० हा आकडा दिसला तर काही बिघडलेलं नाही.

माझी घरातून लावून नेलेली सेटिंग अशी :

- मोड मॅन्युअल, आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा ६४००.
- पाखरांसाठी लेन्स पूर्ण उघडी. बसलेल्या खंड्याला १/३२०, सतत मान हलवणाऱ्या मुनियेला किंवा शिंजीराला १/८००, उडणाऱ्याला १/१२५० च्या वर.
- किड्यांसाठी एफ/८ ते एफ/११; शटरचं पुढं येईल.
- फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली. रॉ जमत नसेल तर व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) 'क्लाउडी' वर.
- फोकस एकाच बिंदूवर. पूर्ण चौकटीचा ऑटो फोकस ठेवलात तर कमी उजेडात कॅमेरा पाखरू सोडून पुढचं गवत धरतो.

या दोन जोड्या कॅमेऱ्याच्या सी-१, सी-२ सारख्या जागांवर साठवून ठेवा : एक पाखरांची, एक किड्यांची. ती सोय नसेल तर कागदावर लिहून लेन्सच्या टोपणाला आतून चिकटवा.

> तपासा : घराच्या गच्चीवर कुंडीतल्या एका पानाचा आणि तारेवरच्या एका कावळ्याचा फोटो काढा. मागं मोठा करून बघा. पानाची शीर आणि कावळ्याचा डोळा दोन्ही नीट दिसले तरच गाडीला चावी लावा.

गाडीत एसी लावून गेलात तर उतरल्या उतरल्या लेन्सवर बाष्प धरतं आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं वाया जातात. कॅमेरा डिकीत ठेवा किंवा शेवटचे काही किलोमीटर काचा उघड्या ठेवा.

३. बांधावर पोचल्यावर : दहा मिनिटं कॅमेरा बाहेर काढायचा नाही

पहिलं काम, शेतमालकाला विचारणं. हल्ली मोठी लेन्स दिसली की लोकांना मोजणीवाला आल्यासारखं वाटतं. मागच्या वर्षी एका बांधावर एक मामा थेट आडवे आले : "पावणं, रस्त्याच्या मोजणीला आलायसा काय?" मी म्हटलं, "न्हाई मामा, पाखरांचं फोटू काढाय आलोय." मग त्यांनीच विहिरीवरच्या बाभळीत सुगरणीची घरटी कुठं आहेत ते दाखवलं, आणि औषध कुठल्या तुकड्यावर कालच फवारलंय तेही सांगितलं. दुसरी माहिती जास्त मोलाची. फवारलेल्या पिकात किडे नसतात, आणि आपण मात्र तिथं नाक-डोळे पानाला लावून बसणार.

मोटारीच्या वायरी, स्टार्टरची पेटी आणि डुकरांसाठी लावलेली तार यांच्याबद्दलही विचारून घ्या. ओल्या शिवारात हा प्रश्न लाजून टाळायचा नसतो.

दुसरं काम, वारा. जून ते ऑगस्ट आपल्याकडं वारा पश्चिमेकडून लागून राहतो. उंच उसाच्या फडाच्या पूर्वेकडच्या बाजूला जा. तिथं वारा अडतो, पानं कमी हलतात आणि आडोशाला किडेही येऊन बसलेले असतात. मसाई पठारासारख्या उघड्या सड्यावर अशा दिवशी किड्यांचा फोटो काढायला जाणं म्हणजे हाताला दुखणं. तिथं वारा पडला तरच जा.

तिसरं काम, मागची बाजू. हे सगळ्यात महत्त्वाचं. मळभात आभाळ हा चौकटीतला सर्वांत उजळ भाग असतो, म्हणून तो चौकटीत येऊच द्यायचा नाही. पाखरू बसू शकेल अशा मेढी, कुंपणाचे खांब, बाभळीच्या खालच्या फांद्या शोधा आणि प्रत्येकीच्या मागं काय दिसतं ते बघा. मागं लांबवर ऊस असेल तर उत्तम, गर्द हिरवा पडदाच मिळतो. विजेची तार असेल तर सोडून द्या. पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या उताराला उभे राहिलात तर खालच्या झाडाचा शेंडा डोळ्यांच्या रेषेत येतो आणि मागं डोंगराची कूस राहते. आभाळ आपोआप बाहेर जातं.

> सावधान : बांधावर पाय ठेवण्याआधी काठीनं गवत हलवा. घोणस बांधाच्या गवतात पडून राहते, सड्यावर दगडाखाली फुरसं असतं. गुडघे टेकण्याआधी दोनदा बघा. आणि भाताच्या ओल्या बांधाच्या कडेवर उभं राहू नका. बांध फुटला तर पाणी आणि माती दोन्ही जातात, मालकाचा शब्दही.

४. आधी किडे : सकाळी दहाच्या आत

किड्यांचं अंग बाहेरच्या हवेनं तापतं आणि निवतं. थंड, ओलसर, ढगाळ सकाळी चतुर आणि फुलपाखरं उडायच्या तयारीत नसतात. उन्हात जो चतुर तुम्हाला सहा फुटांवर येऊ देत नाही, तोच मळभात सहा इंचांवर गप लटकलेला सापडतो. म्हणून आधी किडे. अकरानंतर आभाळ थोडं उजळलं की ही सवलत संपते.

कुठं बघायचं : नजर गुडघ्याखाली आणि पानाच्या मागच्या बाजूला. फुलपाखरं पावसात पानाखाली पंख मिटून उलटी लटकतात. पावसाळ्यात थव्यानं येणारे पिवळसर चतुर वाळक्या काडीला उभे टांगलेले असतात, एकाच झुडपात चार-पाच. उसाच्या पानाखाली लोकरी मावा असेल तर त्याला खाणारे ढालकिडे जवळपास असतातच. हे न हलणारं गिऱ्हाईक, नवख्यानं यांच्यापासून सुरुवात करावी. मखमली लाल मृगाचा किडा दिसला तर फोटो जरूर काढा, पण पाय मोजा : आठ. तो किडा नव्हे, कोळ्यांच्या नात्यातला आहे.

जवळ जाण्याचा क्रम :

१. लांबूनच एक फोटो घ्या. उडालाच तर निदान पुरावा राहतो.

२. गुडघ्यावर या, मग पुढं सरका. उभ्यानं जाऊन वाकलात की तुमची सावलीसारखी आकृती अंगावर येते आणि तो उडतो. मळभात सावली पडत नाही, पण आभाळ झाकलं जातं हे त्याला कळतं.

३. ज्या काडीवर तो आहे, तिला लागून असलेल्या गवताला धक्का देऊ नका. सर्वाधिक किडे उडतात ते कॅमेऱ्याला घाबरून नव्हे. गळ्यातला पट्टा गवतात अडकल्यानं. पट्टा मनगटाला गुंडाळा.

४. कॅमेऱ्याची पाठ किड्याच्या अंगाला समांतर आणा. यावर जरा थांबू.

मॅक्रो लेन्सनं किडा प्रत्यक्षाएवढा टिपायला गेलात तर एफ/८ ला स्पष्ट येणारी खोली जेमतेम एक मिलिमीटर असते, छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात त्याहून कमी. म्हणजे तिरकं उभं राहून चतुराचा डोळा धरलात तर शेपूट गेली, शेपूट धरलीत तर डोळा. बाजूनं, अंगाच्या रेषेला समांतर उभे राहिलात तर डोळा आणि शेपूट दोन्ही त्याच खोलीत येतात. समोरून घ्यायचाच असेल तर फक्त डोळ्यांवर फोकस ठेवा आणि बाकीचं धुरकट जाऊ द्या. थोडं मागं सरकून किडा चौकटीत लहान ठेवला तर खोली झटकन वाढते. नंतर कापून मोठा करता येतो. नवख्यांनी हेच करावं.

फोकसची कळ वारंवार दाबण्यापेक्षा फोकस हातानं एका अंतरावर लावा, मग स्वतःच श्वास रोखून पुढं-मागं केसभर हला आणि डोळा स्पष्ट दिसला की सलग पाच-सहा फोटो घ्या. त्यातला एक जमतो. वाऱ्यानं काडी झुलत असेल तर ती प्रत्येक झोक्यात एका टोकाला क्षणभर थांबते. त्या टोकाला टिपा.

टाचण्यांची, म्हणजे चतुराच्या सडपातळ भाऊबंदांची, एक खोड आहे. जवळ गेलं की त्या उडत नाहीत, काडीला वळसा घालून पलीकडं लपतात. तुम्ही फिरलात तर त्या पुन्हा फिरतात. मोकळा हात हळूच पलीकडच्या बाजूला न्या, त्या परत तुमच्या बाजूला येतात.

किडा हलत नाही म्हणून त्याला हातानं उचलून 'चांगल्या' पानावर ठेवणं आणि आदल्या दिवशी पकडून फ्रीजमध्ये गार करून आणणं, हे दोन्ही प्रकार चालू असतात. अशा फोटोत किडा चुकीच्या झाडावर आणि चुकीच्या ढबीत बसलेला असतो. जाणकाराला ते लगेच कळतं, आणि किडा मरूही शकतो.

मोबाइलवाल्यांसाठी : चिमट्याची मॅक्रो भिंग दोन-तीन सेंटिमीटरवरच फोकस करते, म्हणून माव्यावरचे ढालकिडे, मुंगळे, ओल्या पानावरच्या अळ्या यांच्यापुरतं ठेवा. पडद्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद करा. चतुराच्या नादी लागू नका.

५. फ्लॅश : मध्यरात्र टाळायची असेल तर

मळभातल्या किड्याला फ्लॅश लागतोच असं नाही, पण एफ/११ आणि हलती काडी एकत्र आली की लागतो. काळी पार्श्वभूमी येते कारण लोक आयएसओ १०० आणि १/२०० ठेवून सगळं काम फ्लॅशवर सोडतात. फ्लॅशचा उजेड जवळच्या किड्यापर्यंत पोचतो, चार फूट मागच्या उसापर्यंत पोचत नाही.

म्हणून आधी फ्लॅश बंद ठेवून मागच्या हिरवळीचा फोटो घ्या. १/१६०, एफ/८, आणि आयएसओ वाढवत न्या, मागचं हिरवं नेहमीपेक्षा जरासं गडद दिसेपर्यंत. मळभात हे साधारण ४०० ते ८०० ला जमतं. मग फ्लॅश सुरू करा, मॅन्युअलवर, १/१६ ताकदीनं, आणि किडा नीट उजळेपर्यंत १/३२ किंवा १/८ करा. कमी ताकदीचा फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी कमी वेळात विझतो, त्यामुळं हलती काडीसुद्धा गोठते. शटर मात्र कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या मर्यादेपुढं, बहुतेकांत १/२०० किंवा १/२५०, नेऊ नका. चौकटीत काळी पट्टी येते.

डिफ्युझर विकतचा हवाच असं नाही. मिठाईच्या खोक्यातला बटर पेपर दोन पदरी, किंवा टीव्हीच्या खोक्यात येणारा पातळ पांढरा फोमचा तुकडा चालतो. नियम एवढाच : डिफ्युझर किड्याच्या मानानं जितका मोठा आणि जितका जवळ, तितका उजेड मऊ. फ्लॅश कॅमेऱ्यावर उभा आणि फोम त्यालाच गुंडाळलेला असेल तर उपयोग शून्य. फोम लेन्सच्या टोकापर्यंत छपरासारखा पुढं आला पाहिजे.

> तपासा : ढालकिड्याच्या पाठीवरचं प्रतिबिंब मोठं करून बघा. टोकदार पांढरा ठिपका दिसला तर डिफ्युझर लहान पडतोय. पसरट, दुधाळ पट्टा दिसला तर बरोबर.

पाखरांवर फ्लॅश मारू नका, घरट्याजवळ तर अजिबातच नाही.

६. मग पाखरं : साडेदहानंतर

उन्हाळ्यात दुपारी पाखरं सावलीत जातात. ढगाळ दिवशी ती दुपारभर चरत राहतात, पाऊस थांबला की तर लगबगच उडते. घारींसारखी वर घिरट्या घालणारी मंडळी मात्र तापलेल्या हवेच्या आधाराशिवाय फारशी वर जात नाहीत, खांबांवर बसून राहतात. ते आपल्या सोयीचंच.

मागं फिरू नका, बसून राहा. वेडा राघू आणि कोतवाल किडा पकडून पुन्हा त्याच मेढीवर येतात. आधी हेरून ठेवलेल्या मेढीसमोर, जिच्या मागं ऊस आहे, पोतं टाकून बसा आणि रिकाम्या मेढीवर फोकस लावून ठेवा. पंधरा मिनिटांत कोणी आलं नाही तर जागा बदला. वंचक म्हणजे नवख्यांचा मित्र : भाताच्या चिखलात पुतळ्यासारखा उभा राहतो. आयएसओ कमी ठेवून १/१६० ला हात बसवायचा सराव त्याच्यावर करा.

मोजमापाची चूक इथं सगळ्यात जास्त होते. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्यासारखं समजून मोजतो. म्हणून :

- नाइलाजानं मागं आभाळ आलंच तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) +१ ते +१.७. आभाळ पांढरं होईल, होऊ द्या. पाखराला रंग येतो.
- गर्द चिखलात किंवा उसासमोर पांढरा बगळा असेल तर −०.३ ते −०.७.
- कोतवाल चौकटीत मोठा नसेल तर +०.३ ते +०.७, म्हणजे काळ्या पिसातली निळसर झाक आणि डोळा दिसतो.

काही जुन्या कॅमेऱ्यांत मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ असताना हे कॉम्पेन्सेशन चालत नाही. तुमच्यात चालतं का ते घरीच बघा.

पहिल्या दहा फोटोंनंतर हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला काळा-उजळ भाग दाखवणारा आलेख, उघडा. मळभात त्याचा ढीग मधोमध गोळा झालेला असतो, ते ठीक. ढीग डावीकडं चिकटला असेल तर एक्स्पोजर वाढवा. पडद्यावरच्या चित्रावर विसंबू नका; अंधारलेल्या दिवशी पडदा फसवा उजळ दिसतो. आयएसओ ८०० ला काळा घेऊन नंतर उजळवलेला फोटो बऱ्याच कॅमेऱ्यांत ३२०० ला नीट घेतलेल्यापेक्षा जास्त दाणेदार होतो.

आता जागा. जुलैत भाताची चिखलणी चालू असते तिथं जा. ट्रॅक्टरच्या मागं गायबगळे रांगेनं चालतात, त्या दिवसांत त्यांच्या डोक्या-मानेवर केशरी झाक असते, आणि मागं ओला काळा चिखल. याहून बरी पार्श्वभूमी विकत मिळत नाही. हिवाळ्यात आभाळ आलं तर उसाची तोड चालू असलेला फड गाठा. पाला हलला की किडे उडतात आणि कोतवाल, बगळे गोळा होतात. तोडकऱ्यांना विचारून, कोयत्याच्या टप्प्याबाहेर उभं राहा. आणि पावसाच्या पहिल्या सरींनंतर पंख फुटलेली वाळवी जमिनीतून निघायला लागली तर हातातलं सगळं सोडून तिथं बसा. अर्ध्या तासात परिसरातली निम्मी पाखरं जेवायला येतात. शटर १/१२५० च्या वर, आयएसओ जाईल तिथं जाऊ द्या.

सुगरण पावसाळ्यातच घरटी विणते, उसाच्या आणि भाताच्या पात्याच्या धांदोट्या काढून. लांबून, विहिरीच्या अलीकडून घ्या. मध्ये येणारी फांदी वाकवू किंवा तोडू नका. नर पात्याची धांदोटी घेऊन उतरायचा थांबला तर तुम्ही फार जवळ आहात, मागं सरका. मोबाइलवर आवाज वाजवून पाखरं बोलावणं तर पूर्ण वर्ज्य.

गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावता येत असेल तर खिडकीतून घ्या. माणसाला घाबरणारी पाखरं गाडीला घाबरत नाहीत. इंजिन बंद, नाहीतर थरथर लेन्समध्ये उतरते. काचेवर टेकवायला दाण्यांची पिशवी लागते. मी एका पावसाळ्यात तिच्यात हरभरे भरले होते. आठवड्यानं पिशवीला मोड आले. प्लॅस्टिकचे मणी भरा.

७. पाऊस सुरू झाला तर

भुरभुर असेल तर थांबू नका. पारदर्शक पिशवीच्या तळाला भोक पाडून ते लेन्सच्या हुडावर रबरबँडनं बसवा, उघडी बाजू मागं तुमच्याकडं. हुड कायम लावलेला, लेन्स थोडी खाली झुकलेली. लेन्स बदलायची नाही, छत्रीखालीसुद्धा. पुढच्या काचेवर थेंब पडला तर पुसू नका, आधी फुगवणीनं उडवा. ओलं फडकं फिरवलं की काच अर्धा तास धुरकट राहते.

पावसाच्या रेघा दाखवायच्या असतील तर मागं गर्द रंग पाहिजे आणि शटर १/६० ते १/१२५. थेंब सुटे हवेत तर १/५००. रेघांसाठी पाखरू स्थिर बसणारं निवडा, वंचक किंवा भिजलेला खंड्या. सर थांबल्यावर लगेच उठू नका. पाणकावळे पंख पसरून बसतात, बुलबुल पिसं झाडतात, आणि ढग फाटून पाच मिनिटं ऊन आलं तर पानाखालची फुलपाखरं वर येऊन पंख उघडतात. तेव्हा आयएसओ खाली आलाय का ते बघा.

विजा चमकायला लागल्या की मोनोपॉड मिटवून गाडीत.

८. घरी आल्यावर : त्याच रात्री

चहाच्या आधी कॅमेरा. पिशवीतून सगळं बाहेर काढा, बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसा, पंख्याखाली दोन-तीन तास ठेवा. ओली पिशवी वेगळी वाळवा. मी पहिल्या वर्षी एक लेन्स कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवली आणि थेट गणपतीला काढली. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. साफ करून घ्यायचा खर्च ऐकून लेन्स तशीच ठेवली. अजून आहे, नवख्यांना दाखवायला.

फोटो निवडताना पहिली चाळणी फक्त डोळ्याची : डोळा स्पष्ट नाही, फोटो उडवा. मग क्रम असा : आधी दाणे कमी करणं, मग व्हाइट बॅलन्स, मग काळा बिंदू थोडा खाली ओढून कॉन्ट्रास्ट, धार (शार्पनिंग) सगळ्यात शेवटी. आधी धार लावलीत तर दाण्यांनाच धार येते. उसाजवळच्या फोटोंवर हिरवी झाक चढते. ती काढायला शिवारातच एखाद्या पांढऱ्या-करड्या वस्तूचा फोटो घेऊन ठेवा. मामांच्या टोपीवर भरवसा ठेवू नका, तिला नीळ दिलेली असते. हिरव्या रंगाची पट्टी वाढवू नका. मळभात भात मुळातच गर्द दिसतं, वाढवलं की रंगपेटीतलं वाटतं.

कॅमेरा आणि लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ आत टाकलंत तर काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहायला हवा. सिलिकाचे निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा निळे करता येतात. गार झाल्यावरच डब्यात टाका. पावसाळ्यात हे काम आमच्याकडं दर पंधरवड्याला निघतं, आणि तव्यासाठी घरात आधी विचारावं लागतं.